बोक्याची लघवी अडू नये म्हणून: खेड्यातल्या घरात मांजराचं परवडणारं खाणं

मे महिना होता. आमचा बोका भुऱ्या सकाळपासून चार-पाच वेळा न्हाणीच्या कोपऱ्यात जाऊन बसला. बसायचा, जोर करायचा, उठायचा, खालचा भाग चाटायचा, पुन्हा बसायचा. माय म्हणाली, "पोट गच्च झालं त्याचं, एरंडेल पाज." मी पाजलं. दुसऱ्या दिवशी त्यानं खाणं सोडलं आणि कोठ्यात कडब्याच्या मागं जाऊन पडला. तिसऱ्या दिवशी पिशवीत घालून एसटीनं यवतमाळला नेला. डॉक्टरांनी पोटावर हात ठेवला आणि मलाही चाचपायला लावलं. आत लिंबासारखं टणक काहीतरी लागत होतं. ती तुंबलेली लघवीची पिशवी होती. पोट साफ होण्याचा त्यात काही संबंधच नव्हता. बारीक नळी घालून लघवी काढली, सलाईन लावलं, पण उशीर झाला होता. भुऱ्या गेला.

त्यानंतर घरात दोन मांजरं आली, एक बोका आणि एक मांजरी. त्यांच्यासाठी मी जे शिकलो, डॉक्टरांना विचारून विचारून जे समजून घेतलं, ते इथं मांडतो आहे. पहिल्यांदा मांजर पाळणाऱ्यांसाठी, आणि महिन्याला हजारो रुपयांचं खाणं आणू न शकणाऱ्यांसाठी.

खाण्याआधी हे ओळखायला शिका

मांजर पुन्हा पुन्हा लघवीला बसतं पण थेंब-दोन थेंबच येतात, किंवा काहीच येत नाही. बसल्यावर ओरडतं. लघवीत लालसर झाक दिसते. नेहमीची जागा सोडून गोधडीवर, थंड फरशीवर, मोरीत लघवी करतं. यांतलं काहीही दिसलं की बोका आहे की मांजरी ते आधी पाहा. मांजरीची नळी रुंद आणि आखूड असते, तिला त्रास होतो पण ती सहसा पूर्ण तुंबत नाही. बोक्याची नळी लांब आणि टोकाला फार अरुंद असते. तिथं बारीक खडे किंवा चिकट गाळाचा बूच बसला की लघवी बंद होते.

लघवी बंद झाली की मूत्रपिंडांचं काम थांबत जातं, रक्तात पोटॅशियम वाढतं आणि त्यानं हृदय बंद पडू शकतं. हे सगळं दोन-तीन दिवसांत घडतं. म्हणून बोका जोर करतो आहे आणि लघवी येत नाही असं दिसलं, तर कोणतंही खाणं, कोणताही काढा, कोणतंही तेल देत बसू नका. त्याच दिवशी निघा. रात्र झाली असेल तरी गाडी शोधा. उलटी सुरू झाली असेल किंवा अंग थंड लागत असेल तर एक तासही मोठा आहे.

तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात मुख्यतः गाई-म्हशी-शेळ्या येतात, त्यामुळे निघण्याआधी फोन करून एकच विचारा: बोक्याला घालायची बारीक नळी तुमच्याकडे आहे का? नसेल तर तिथं अर्धा दिवस न घालवता थेट शहर गाठा. नागपूरला पशुवैद्यक महाविद्यालय आहे, १९५८ सालापासूनचं, आणि अकोल्याला स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था आहे. दोन्ही महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या आहेत. आपल्याला जवळ काय पडतं ते आजच ठरवून ठेवा, नंबर भिंतीवर लिहून ठेवा.

आणि हे तर काळजावर कोरून घ्या: घरातली पॅरासिटामॉलची गोळी मांजराला कधीही देऊ नये. माणसाचा ताप उतरवणारी एक गोळी मांजराचा जीव घेते. अंगदुखीच्या बाकी गोळ्याही नकोत.

मांजर पाणी का पीत नाही

आपल्या घरातल्या मांजराचे पूर्वज पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेच्या कोरड्या भागातली रानमांजरं. उंदीर, पाखरं, सरडे यांच्या मांसातूनच त्यांना पाणी मिळायचं. उंदराच्या अंगात साधारण दोन-तृतीयांशाहून जास्त पाणीच असतं. त्यामुळे मांजराला तहान उशिरा लागते, आणि ते लघवी फार घट्ट करून पाणी वाचवतं. वाळवंटात हा गुण कामाचा होता. आपण त्याला कोरडं खाणं घालतो, वर विदर्भातला उन्हाळा, पारा ४५ अंशांच्या पुढे. लघवी आणखी घट्ट होते, दिवसातून कमी वेळा होते, आणि त्यातल्या खनिजांना खाली बसायला वेळ मिळतो.

खडे मुख्यतः दोन प्रकारचे. एक स्ट्रुव्हाइट, म्हणजे मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेट यांचे. लघवी अल्कधर्मी झाली की ते धरतात आणि योग्य खाण्यानं विरघळतात. दुसरे कॅल्शियम ऑक्झलेटचे. ते खाण्यानं विरघळत नाहीत, काढावेच लागतात. पण खूपशा मांजरांत खडा सापडतच नाही. पिशवीला नुसती सूज येते, आणि त्यामागं ताण, भीती, घरातला बदल, दुसऱ्या बोक्याशी भांडण असं काही असतं. तरुण मांजरात जंतूंमुळे असं होणं क्वचितच, म्हणून तपासणी न करता नुसतं अँटिबायोटिक देऊन पाहणं म्हणजे बरेचदा दिवस वाया घालवणं आहे.

या सगळ्या प्रकारांत एक गोष्ट उपयोगी पडते: लघवी पातळ राहणं. आणि तिच्यासाठी फार पैसे लागत नाहीत. माझं सगळं सांगणं याच एका गोष्टीभोवती आहे.

पहिलं काम: पाणी खाण्यातूनच द्या

चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण २०० मिली पाणी लागतं, म्हणजे किलोमागे ५० मिलीच्या आसपास. कोरड्या खाण्यात पाणी जेमतेम ८ ते १० टक्के, ओल्या पाऊचमध्ये ७५ ते ८० टक्के. पाऊच परवडत नसेल तर कोरडं खाणं भिजवा. चार किलोच्या मांजराला दिवसभरात सुमारे ६० ग्रॅम कोरडं खाणं पुरतं. त्यात दुप्पट, म्हणजे १२० मिली कोमट पाणी घातलं तर लागणाऱ्या पाण्यातलं निम्म्याहून जास्त तिथंच पोटात गेलं. दहा-पंधरा मिनिटांत दाणे फुगतात.

कोरडं कुरकुरीत खाण्याची सवय असलेलं मांजर पहिल्या दिवशी वास घेऊन पाठ फिरवेल. एकदम बदलू नका. पहिल्या दिवशी दाण्यांवर चमचाभर पाणी शिंपडा, मग दोन चमचे, असं करत आठ-दहा दिवसांत पूर्ण भिजवण्यावर या. पाण्याऐवजी कोंबडी उकडलेलं पाणी घातलं तर काम सोपं होतं. मात्र त्यात मीठ, हळद, कांदा, लसूण काहीच नको. सावजी रश्शाचं किंवा घरच्या तर्रीचं पाणी तर अजिबात नको.

भिजवलेलं खाणं उन्हाळ्यात लवकर आंबतं. मी अर्ध्या-पाऊण तासानं उरलेलं उचलतो आणि कोंबड्यांना टाकतो. दिवसाचं चार वेळा थोडं थोडं भिजवतो. मे महिन्यात मोठा वाटा पहाटे आणि रात्री देतो, कारण दुपारी मांजर खातच नाही, सावलीत पडून असतं.

पाण्याच्या भांड्याबद्दल दोन गोष्टी अनुभवातून. खोलगट गडव्यापेक्षा पसरट परात किंवा मातीचं ताट मांजराला आवडतं, मिशा कडेला लागत नाहीत म्हणून. आणि भांडं खाण्याच्या शेजारी न ठेवता दूर ठेवा: एक सपरीत, एक माठाच्या खाली जिथं थेंब झिरपतात, एक झोपायच्या जागेजवळ. आमची मांजरी माठाखालचंच पाणी पिते. रोज दोनदा पाणी बदला, परात घासून.

दुसरं काम: पॅकेट निवडताना मागची बाजू वाचा

दुकानात पुढचं चित्र आणि रंग पाहून पॅकेट घेऊ नका. मागं इंग्रजीत कम्प्लीट असा शब्द आहे का पाहा. याचा अर्थ ते एकट्यानं पूर्ण आहार आहे. नुसत्या ट्रीटवर, म्हणजे लालूच म्हणून द्यायच्या खाऊवर, तो सहसा नसतो. घटकांच्या यादीत टॉरिन हा मांसातला पोषक घटक असलाच पाहिजे. मांजराचं शरीर टॉरिन पुरेसा बनवू शकत नाही, आणि तो कमी पडला की डोळ्याचा पडदा आणि हृदयाचा स्नायू दोन्ही खराब होतात. म्हणूनच कुत्र्याचं खाणं मांजराला रोज देऊ नये. स्वस्त पडतं म्हणून आमच्याकडे अनेक घरांत तेच चालतं.

यादीत पहिला घटक कोंबडी, मासळी किंवा त्यांचं पीठ असेल तर बरं. मका, गहू, तांदूळ आधी असतील तर ते पाकीट स्वस्त का आहे ते कळतं. मांसावर जगणाऱ्या प्राण्याची लघवी आम्लधर्मी राहते, धान्यावर जगणाऱ्याची अल्कधर्मीकडे झुकते, आणि स्ट्रुव्हाइटला अल्कधर्मी लघवी मानवते. मॅग्नेशियम छापलं असेल तर कोरड्या खाण्यात साधारण ०.१ टक्क्याच्या आसपास किंवा कमी असावं. "राख कमी असलेलं घ्या" असं जुन्या लोकांकडून ऐकाल. राख म्हणजे खाण्यातली एकूण खनिजं, पण नुसत्या एकूण राखेपेक्षा मॅग्नेशियम आणि लघवीची आम्लता यांनाच महत्त्व आहे.

किंमत पाकिटाची पाहू नका, दिवसाची काढा. समजा १२०० ग्रॅमचं पाकीट ४०० रुपयांना मिळतं. दिवसाला ६० ग्रॅम म्हणजे वीस दिवस, रोजचे २० रुपये. समजा ८५ ग्रॅमचा पाऊच ४५ रुपयांना आहे आणि मांजराला दिवसाला तीन लागतात, तर १३५ रुपये. हे आकडे हिशेब समजावा म्हणून धरले आहेत, तुमच्या दुकानातला भाव घालून पाहा. या हिशेबानंतर मी ठरवलं की कोरडं पाकीट मधल्या दर्जाचं घ्यायचं आणि ते भिजवायचं. महाग कोरडं सुकंच घालण्यापेक्षा हे मांजराच्या पिशवीला बरं.

किराणा दुकानात मोठं पोतं फोडून सुटं खाणं विकतात. ते घेऊ नका. उन्हात आणि हवेत त्यातली चरबी खवट होते, आणि ते किती दिवसांपूर्वीचं आहे हे दुकानदारालाही माहीत नसतं. बंद पाकीट, तारीख पाहून, आणि घरी आणल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात.

तिसरं काम: कोंबडीच्या दुकानाशी ओळख वाढवा

तालुक्याच्या आठवडी बाजारात कोंबडीवाल्याकडे दिल (हृदय) आणि पोटा (जठर) स्वस्तात मिळतो, कारण गिऱ्हाईक सगळं मांडीचं मांस मागतं. कोंबडीचं दिल टॉरिननं भरलेलं असतं. छातीच्या पांढऱ्या मांसापेक्षा मांडीच्या गडद मांसातही तो जास्त असतो. म्हणजे स्वस्त भागच मांजराला जास्त मोलाचे.

माझं प्रमाण असं. एक किलोच्या घाण्यात सातशे ग्रॅम मांडीचं मांस, अडीचशे ग्रॅम दिल आणि पोटा, आणि पन्नास ग्रॅम कलेजी. कलेजी यापेक्षा वाढवू नका, जास्त जीवनसत्त्व अ साठून हाडं बिघडतात. सगळं थोड्या पाण्यात झाकून मंद शिजवायचं. ते पाणी फेकायचं नाही, कारण टॉरिन त्यात उतरलेला असतो, तो वाडग्यात आलाच पाहिजे. थंड झाल्यावर हाडं काढून टाकायची. शिजलेलं हाड कडक होऊन फुटतं आणि घशात रुततं.

नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम फार थोडं असतं. म्हणून अंड्याची टरफलं धुऊन, भाजून, खलबत्त्यात अगदी पिठासारखी कुटा आणि किलोभर मांसाला एक सपाट चमचा, साधारण सहा ग्रॅम, मिसळा. हे जास्त घालू नका. खडा आधीच सापडला असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

तरीही हे घरचं खाणं पूर्ण आहार नाही. आयोडीन, काही जीवनसत्त्वं, जस्त कमी पडतं. म्हणून मी रोजच्या खाण्यातला अर्धा भाग भिजवलेलं पाकीट आणि अर्धा भाग हे घरचं, असं ठेवतो. पूर्ण घरचं द्यायचं असेल तर मांजरासाठीचं पूरक चूर्ण डॉक्टरांकडून लिहून घ्या. घाणा दोन दिवसांपुरताच करा, फ्रीज नसेल तर रोजचा रोज. वीज जाते तेव्हा मी थोडंच शिजवतो.

अंडं उकडलेलं, आठवड्यातून दोन-तीन वेळा, चांगलं. भंडारा-गोंदियाकडे मालगुजारी तलावांच्या गावांत रोहू, कतला स्वस्त मिळतो. कार्प जातीच्या काही कच्च्या माशांत थायमिन (जीवनसत्त्व ब-१) मोडणारा घटक असतो, शिजवल्यावर तो जातो, म्हणून मासा नेहमी शिजवून, काटे काढून, आणि अधूनमधूनच.

माळकऱ्यांची आणि महानुभाव पंथाची घरं आपल्याकडे पुष्कळ आहेत, तिथं मांस शिजत नाही आणि ते समजण्यासारखं आहे. अशा घरात मी म्हणेन, घरात काही शिजवू नका, कम्प्लीट पाकीट आणा आणि पाण्यात भिजवून द्या. मांजराला दूध-पोळीवर जगवण्यापेक्षा हे त्याच्या धर्माला धरून आहे. फोडणीचं वरण, दही-भात, भाकर यांत त्याला लागणारं मांसातलं काहीच नाही.

हे बंद करा

दूध-पोळी पहिली. बहुतेक मोठ्या मांजरांना दुधातली साखर पचत नाही, हगवण लागते, अंगातलं पाणी जातं, आणि पोळीनं पोट भरतं म्हणून ते मांसाकडे वळत नाही. भुऱ्याचं हेच होतं. दुधाची बशी बघून मी समजायचो की पाण्याची गरज भागली.

सुकट आणि सुके झिंगे दुसरे. आठवडी बाजारातून आणलेली सुकट मांजराला वेड लावते हे खरं, पण त्यात मीठ आणि खनिजं दोन्ही दाबून असतात. लालूच म्हणूनसुद्धा मी आता देत नाही.

कांदा आणि लसूण, शिजवलेलाही, मांजराच्या रक्तपेशी फोडतो. खाण्याचा सोडा लघवीच्या जळजळीवर म्हणून कुणी सांगेल, तो लघवी अल्कधर्मी करतो, म्हणजे स्ट्रुव्हाइटला मदतच. माणसाच्या मूतखड्याचा काढा, कुळथाचं पाणी, गोखरू, बार्ली यांवर वेळ घालवू नका.

उपाशी ठेवूनही पोट साफ होईल असं समजू नका. दोन-तीन दिवस अन्न न मिळालेल्या मांजराचं यकृत चरबीनं भरून निकामी होऊ शकतं, लठ्ठ मांजराचं तर लवकर.

खडा सापडला असेल तर

तपासणीत स्ट्रुव्हाइट निघाला तर डॉक्टर रॉयल कॅनिनचं युरिनरी एस/ओ किंवा हिल्सचं सी/डी असं औषधी खाणं लिहून देतील. ते महाग आहे, पण शस्त्रक्रियेपेक्षा स्वस्त. ते चालू असताना त्यात घरचं काही मिसळू नका, अंडं नाही, मटणाचा तुकडा नाही. त्याचं काम लघवीची आम्लता ठरावीक पातळीवर ठेवण्याचं, आणि वरच्या खाण्यानं ते बिघडतं. बहुतेक वेळा काही आठवड्यांत खडा विरघळतो, मग पुढं कोणत्या साध्या खाण्यावर यायचं ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या. हे खाणं पिल्लांना, गाभण मांजरीला किंवा मूत्रपिंड बिघडलेल्या मांजराला स्वतःहून देऊ नका. आणि लघवी तुंबलेली असेल तर आधी नळी, मग खाणं.

डॉक्टरांना पैशाची अडचण स्पष्ट सांगा. "महिन्याला इतकेच रुपये खर्च करू शकतो, यात काय बसवता येईल?" असं विचारलं की चांगले डॉक्टर मार्ग काढतात. मला तसा मार्ग मिळाला आहे.

रोजची नजर

लघवीची जागा ठरवून द्या: पसरट घमेलं, नदीची वाळू किंवा कोरडी माती, रोज साफ. चुलीची राख नको, ओली झाली की पंज्यांना चरचरते. वाळूत गोळे धरतात, ते रोज मोजा. आमच्या बोक्याचे दिवसाला दोन ते तीन गोळे असतात. पाणी वाढवल्यावर गोळे मोठे झाले आणि वास कमी झाला. बाहेर फिरणाऱ्या बोक्याचं हे दिसत नाही, म्हणून उन्हाळ्यात मी त्याला रात्री घरात कोंडून ठेवतो. सकाळी घमेलं पाहिलं की कळतं.

महिन्यातून एकदा त्याला कडेवर घेऊन किराणा दुकानाच्या वजनकाट्यावर उभा राहतो, मग माझं वजन वजा करतो. खच्ची केलेलं मांजर लवकर लठ्ठ होतं, आणि लठ्ठ मांजराला हा त्रास जास्त होतो. खच्ची करणं थांबवायचं कारण नाही, वाडगं मोजून भरायचं.

आणि घरात लग्नघाई असेल, नवा कुत्रा आणला असेल, कोठ्याची दुरुस्ती चालू असेल, तर त्या दिवसांत मांजराला एक बंद खोली, त्याची परात, त्याचं घमेलं द्या आणि कोंबडीच्या पाण्याचा वाटा वाढवा. माझ्या बहिणीच्या लग्नात आठ दिवस मंडप होता. मांजरी आतल्या धान्याच्या खोलीत होती, दर दोन तासांनी मी जाऊन यायचो. पाहुणे मला विचारायचे, "कुठं जातोस सारखा?" मी घमेलं बघायला जात होतो.